वर्गावर नवीन आहात? पहिल्या दोन-तीन महिन्यांत होणाऱ्या चुका आणि त्या टाळायच्या कशा

जून आला की दरवर्षी मला दोन-तीन तरी फोन येतात. कुणाची बीएड झालेली भाची असते, कुणी एमकॉम करून क्लासला लागलेला असतो, कुणी कंपनीतली नोकरी सांभाळून कॉलेजवर व्हिजिटिंगला जाणार असतो, आणि प्रश्न एकच, "मॅडम, सोमवारपासून वर्ग आहे, काय काय लक्षात ठेवू?" फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून एकदाचं लिहूनच काढतेय. मी पुण्यात अकरावी-बारावी कॉमर्सला बुककीपिंग शिकवते, आधी पेठेतल्या एका क्लासमध्ये शिकवायचे, आता ज्युनिअर कॉलेजला आहे, त्यामुळे उदाहरणं अकाउंट्सची येतील, पण तुमचा विषय गणित असो, इतिहास असो नाहीतर जावा, चुका याच होतात.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. नवीन माणूस वर्गात गेला की त्याचं सगळं लक्ष स्वतःकडे असतं. मी अडखळले का, पोर्शन किती झाला, मागची मुलं हसली ती मला हसली का, सर बाहेरून बघून गेले त्यांना काय वाटलं असेल. आणि ज्यांच्यासाठी आपण उभ्या आहोत त्यांच्या वहीत काय उतरतंय ते बघायचंच राहून जातं. मी अख्खं एक वर्ष असंच शिकवलंय.

दुसऱ्या वर्षी डोळे उघडले. वर्गात ८० च्या वर मुलं, जर्नलचा, म्हणजे रोजचे व्यवहार डेबिट-क्रेडिट करून वहीत मांडण्याचा चॅप्टर. डेबिट-क्रेडिटचे तिन्ही नियम फळ्यावर लिहिले, चार-पाच उदाहरणं सोडवली, "समजलं का?" विचारलं, सगळ्यांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. पंधरा दिवसांनी टेस्ट घेतली तर निम्म्याहून जास्त पेपरांत कॅश उलट्या बाजूला. उदगीरकडून आलेला एक मुलगा होता, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, तोंडातून शब्द नाही. त्याला लेक्चर संपल्यावर थांबवलं, वही उघडायला लावली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले. "रोखीने माल विकला ५०० रुपये", रोख आली की कॅश डेबिट होते, त्याने क्रेडिट केलेली. मी चूक दाखवली नाही, नुसतं विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "मॅडम, पप्पांना बँकेचा मेसेज येतो ना, डेबिट झाले म्हणजे पैसे गेले. मग आले की क्रेडिटच ना?"

बघा, किती सरळ विचार केला होता त्याने. मी तीन वेळा नियम सांगितला होता पण त्याच्या डोक्यात आधीपासून बसलेल्या मेसेजला हातच लावला नव्हता. मग विचारलं, घरी दुकान आहे का? म्हणाला, आजोबांचं किराणा आहे. उधारीवर माल दिला की आजोबा काय करतात? "नावावर मांडतात." कुणाच्या? "गिऱ्हाईकाच्या." म्हटलं, तेच डेबिट, मराठीत डेबिटला नावेच म्हणतात. आणि गिऱ्हाईकाने पैसे आणून दिले की? "जमा करतात." ते क्रेडिट. आता बँकेला दुकान समज आणि पप्पांना गिऱ्हाईक, पप्पांनी पैसे भरले की बँक त्यांच्या खात्यावर जमा लिहिते, काढले की नावे टाकते. पेन्सिल तशीच हातात धरून थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे तो मेसेज बँकेच्या वहीतला आहे, आपल्या वहीत उलटं होणार." पुढच्या तासाला मी हेच अख्ख्या वर्गाला सांगितलं, आणि तेव्हापासून जर्नलची सुरुवात नियमांनी करतच नाही, "बँकेच्या मेसेजमध्ये डेबिट म्हणजे काय रे?" इथूनच करते.

आता क्रमाने बघू.

पहिल्या दिवसाच्या आधी

खोली बघून या. रिकामी असताना. शेवटच्या बाकावर बसून फळा बघा, खिडकीतला उजेड कुठे चमकतो, कुठला कोपरा दिसत नाही, पंखा चालू केल्यावर आवाज पोचतो का, प्रोजेक्टर असेल तर प्लग चालतो का. रस्त्याला लागून असलेली खोली असेल तर खिडक्या लावून आणि उघडून दोन्ही बघा. संध्याकाळची बॅच असेल आणि जागा नदीपात्राच्या बाजूला असेल तर गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशाचा सराव चालतो हे धरूनच चाला, त्या दिवसांत सोडवायला देण्याचं काम जास्त ठेवा, बोलायचं कमी.

कॅलेंडर घेऊन बसा. नवीन लोक पोर्शनला दिवसांनी भागतात आणि तिथेच फसतात, कारण वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा निम्मा वर्ग पोचत नाही, गणपतीत हजेरी ढेपाळते, दिवाळीची सुट्टी, परीक्षा, एखादा जोराच्या पावसाचा दिवस. खरे तास मोजा, त्यातले काही उजळणीसाठी बाजूला काढा, मग जे उरतील त्यात बसवा.

आणि खालच्या इयत्तेचं पुस्तक वाचा, हे फार कमी जण करतात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये मिळतात. स्टेट बोर्डाच्या दहावीला बुककीपिंग नसतंच, म्हणजे अकरावीला मूल आपल्याकडे येतं ते पूर्ण कोरं, आणि आपण मात्र पाच वर्षं कॉमर्स शिकून आलेलो असतो. हे अंतर आपल्याला दिसत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटनने एक प्रयोग केला होता, काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी तरी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. स्टाफरूममध्ये कुणासमोर ओळखीची आरती टेबलावर वाजवून बघा, लगेच पटेल. शिकवताना आपलं रोज हेच होत असतं.

तासाचं प्लॅनिंग

५० मिनिटांच्या तासात नवीन माणूस दोन तासांचा माल भरून नेतो कारण भीती असते की मधेच सांगायचं संपलं तर काय करू. मग ती भीती घालवायला वेगळं काहीतरी ठेवा, दोन-तीन जादा उदाहरणं वहीच्या मागच्या पानावर लिहून न्या. पण मुख्य मुद्दा एकच. एका तासात एक गोष्ट, जी मुलांना तास संपताना स्वतः करता आली पाहिजे. "आज जर्नल शिकवायचं" हे प्लॅनिंग झालं नाही. "आज प्रत्येकाला रोखीच्या आणि उधारीच्या विक्रीची एंट्री न बघता करता आली पाहिजे", हे झालं.

मी तास असा कापते: सुरुवातीची ५-७ मिनिटं कालचं, मग १२-१५ मिनिटं नवीन, मग मुलं सोडवतात आणि मी बाकांमधून फिरते, ही साधारण २० मिनिटं, उरलेल्यात चुका फळ्यावर. कालचं म्हणजे मी पुन्हा सांगत नाही हां, वह्या बंद करून कोऱ्या कागदावर दोन प्रश्न सोडवायला लावते. वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं, परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आधी आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. मुलं सुरुवातीला कुरकुर करतात, महिन्याभरात सवय होते.

पहिला दिवस

स्वतःच्या डिग्र्या सांगण्यात दहा मिनिटं घालवू नका. नाव सांगा, काय शिकवणार ते दोन वाक्यांत सांगा, आणि शिकवायला लागा. पहिल्या दिवशी मुलं घरी जाताना काहीतरी नवीन येत असलं पाहिजे, छोटं का असेना.

नियम दोन-तीनच ठेवा आणि तेवढेच ठेवा जे तुम्ही वर्षभर पाळायला लावू शकाल. माझे असे: मी किंवा कुणीही मूल बोलत असताना दुसऱ्याने बोलायचं नाही, मोबाईल बॅगेत, उशीर झाला तर मागच्या दाराने गुपचूप येऊन बसायचं, उशिराचं कारण तास संपल्यावर सांगायचं. हा शेवटचा नियम पुण्यासाठी फारच कामाचा आहे, कारण हडपसरहून किंवा कात्रजहून बसने येणाऱ्या मुलाला दारात उभं करून "का उशीर झाला" विचारलं की त्याचा अपमान होतो आणि बाकीच्या ८० जणांची दोन मिनिटं जातात.

नावं पाठ करा. रोल नंबर ३४ म्हणून हाक मारलेलं मूल ३४ नंबरसारखंच वागतं. बाकांचा नकाशा कागदावर काढा, कॅटलॉगवरून नावं भरा, रोज सहा-सात नवीन. दहावीचे मार्क, वडील काय करतात, हे सगळ्यांसमोर विचारू नका. आडनाव ऐकून "म्हणजे तुम्ही कुठले, कोण?" ही चौकशी तर अजिबात नको, आपल्याला ती साधी वाटते पण त्या मुलाला बरोबर कळतं काय विचारलंय. क्लासमध्ये असाल तर फी राहिलेल्या मुलांची नावं वर्गात वाचू नका, ऑफिसवाल्यांनी यादी हातात दिली तरी. मुलाला बाजूला घेऊन सांगा, नाहीतर ते काम ऑफिसलाच करू द्या.

"समजलं का?" विचारणं बंद करा

याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. हा प्रश्न प्रश्नच नाही. मुलाला खरंच समजलं नसेल तर त्याला ते वर्गासमोर कबूल करावं लागतं, आणि बऱ्याचदा आपल्याला समजलं नाही हेच त्याला कळलेलं नसतं, त्या उदगीरच्या मुलाला तरी कुठे माहीत होतं. "काही डाऊट?" हा पण त्याच जातीचा.

त्याऐवजी असं काहीतरी विचारा ज्याचं उत्तर देताना समजलंय की नाही ते आपोआप दिसेल. "दुकानाचं भाडं २००० रुपये रोख दिलं, यात कुठली दोन खाती येतात?" "हीच एंट्री उधारीची असती तर काय बदललं असतं?" "मी फळ्यावर एक एंट्री मुद्दाम चुकीची केलीय, कुठे?" हा शेवटचा माझा सगळ्यात आवडता, झोपेला आलेला वर्ग पण जागा होतो.

आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांतल्या रेकॉर्डिंगवरून मोजलं होतं, १९७४ मध्ये त्यांचं काम छापून आलं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं मोठी येतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण समोर गप्प वर्ग असताना ते फार लांब वाटतात. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. आधी नाव घेतलं की बाकीचे सगळे मोकळे होतात.

पहिल्या बाकावरच्या तीन-चार हुशार मुलांच्या उत्तरांवर वर्ग चालवणं ही नवीन माणसाची हमखास चूक, कारण ती मुलं उत्तर देतात आणि आपल्याला बरं वाटतं. मी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवते आणि काढते. ज्याचं नाव आलं त्याला येत नसेल तर "बरं, अर्धं सांग" म्हणते, उरलेलं दुसऱ्याला विचारते, आणि पुन्हा पहिल्याकडे येऊन त्याच्याकडून पूर्ण उत्तर म्हणवून घेते. चुकीचं उत्तर आलं तर लगेच "नाही" न म्हणता "कसं काढलंस?" विचारा. चुकीच्या उत्तरामागे काहीतरी विचार असतोच, तो कळला की उद्याचा तास सोपा होतो. चुकलेल्या मुलावर वर्ग हसला तर तिथल्या तिथे थांबवा, कारण त्या हसण्यानंतर वर्षभर कुणी हात वर करत नाही.

फळा आणि आवाज

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. फळ्याचे तीन भाग पाडा, डावीकडे आजचा मुद्दा आणि नवीन शब्द जे तासभर पुसायचे नाहीत, मधे उदाहरण, उजवीकडे कच्चं काम. मुलं जशी जागा मिळेल तशी उतरवतात, आपला फळा पसरलेला असेल तर वहीही तशीच होते. लिहून झालं की बाजूला व्हा, आणि उतरवून घ्यायला वेळ द्या, त्या वेळात बोलू नका, लिहिणं आणि ऐकणं एकदम होत नाही. खडू कर्र वाजत असेल तर मोडून अर्धा करा, आवाज जातो. व्हाईटबोर्ड असेल तर काळा-निळा मार्कर वापरा, लाल-हिरवं मागून नीट दिसत नाही, आणि चुकून परमनंट मार्करने लिहिलं गेलं तर त्याच्यावरून बोर्ड मार्कर फिरवून पुसा, निघतं.

पीपीटी वाचून दाखवू नका. एवढंच.

घसा सांभाळा. दिवसाला चार-पाच तास असतील तर ओरडून शिकवलं की ऑगस्टपर्यंत आवाज बसतो. शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं पण सावकाश बोला, पाण्याची बाटली टेबलावर ठेवा.

भाषा

पुण्यातल्या एका वर्गात मराठी मिडीयमची, इंग्लिश मिडीयमची, लातूर-नांदेड-सोलापूरकडून आलेली अशी सगळी मुलं एकत्र असतात. इंग्लिशमध्ये धडाधड शिकवलं की छान वाटतं पण निम्मी मुलं नुसती अक्षरं उतरवतात. नवीन शब्द आला की तो आधी ओळखीच्या शब्दात, मग पुस्तकातल्या शब्दात. लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, हे मराठी मिडीयमच्या पुस्तकात असतं आणि ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी यातले काही शब्द ऐकलेले असतात. परीक्षेला ज्या भाषेत लिहायचंय त्या भाषेतले शब्द फळ्यावर लिहा, समजावणं ज्या भाषेत डोक्यात शिरेल त्या भाषेत करा. आणि गावाकडच्या बोलीत कुणी उत्तर दिलं तर उच्चार सुधारत बसू नका, उत्तर बरोबर आहे ना ते बघा.

शिस्त

दोन टोकं असतात. एक जण पहिल्या दिवसापासून मित्र व्हायला जातो, एकेरी चेष्टामस्करी, रात्री चॅटिंग, आणि ऑक्टोबरमध्ये वर्ग हातातून गेला की एकदम कडक होतो, तेव्हा मुलांना ती फसवणूक वाटते. दुसरा पहिल्या दिवसापासून आवाज चढवतो. आवाज चढवला की पुढच्या वेळी आणखी चढवावा लागतो.

वर्गात कुजबुज वाढली तर वाक्य अर्ध्यात सोडून थांबा. बोलणाऱ्या बाकाजवळ जाऊन उभ्या राहा आणि तिथूनच शिकवा. तरी नाही थांबलं तर तास संपल्यावर त्या एका मुलाशी बोला, एकट्याशी, दार उघडं ठेवून. सगळ्यांसमोर भांडलात तर त्याला मित्रांसमोर माघार घेता येत नाही. जी शिक्षा करणार नाही तिची धमकी देऊ नका. दोघांसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा करू नका, जी मुलं नीट बसली होती ती पण तुमच्या विरोधात जातात. शाळेवर असाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचून ठेवा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला त्यात मनाई आहे, म्हणजे "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय" हे पण चालत नाही, आणि कायदा नसता तरी चालायला नको होतं. मेसेज ग्रुपवरच टाका, ठरलेल्या वेळेत, एकेकट्या मुलाशी खाजगी चॅट नको.

एखादा प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल तर "मला आत्ता नक्की माहीत नाही, उद्या बघून सांगते" म्हणा, आणि उद्या पहिल्या मिनिटाला सांगा. मुलं यावर विश्वास टाकतात. ठोकून दिलेलं उत्तर मात्र कुणीतरी मोबाईलवर तपासतंच.

वह्या, चिठ्ठ्या आणि तुमची स्वतःची डायरी

पहिली टेस्ट दुसऱ्या आठवड्यातच घ्या, १० मार्कांची. तपासताना नुसते मार्क टाकू नका, बाजूला कागद ठेवून कोणती चूक किती जणांनी केली त्या रेघा मारा. ८० पेपर तपासायला मला दोन संध्याकाळी लागतात, पण त्या कागदावर जी चूक ४० जणांची निघते ती मुलांची नसते, ती माझ्या शिकवण्यातली असते, आणि ती मी पुन्हा वेगळ्या पद्धतीने घेते. दोघा-तिघांची असेल तर त्यांना मधल्या सुट्टीत बोलावते. वर्षाच्या शेवटी बोर्डाच्या आधी हे कळून उपयोग नसतो.

सीनिअर लोकांचे तास बसून बघा, परवानगी मागा, बहुतेक जण हो म्हणतात. फक्त ते काय बोलतात ते लिहून घेण्यापेक्षा मागे बसून मुलं काय करतायत ते बघा. स्वतःचा एखादा तास फोनवर रेकॉर्ड करून ऐका, फक्त आवाज, पहिल्यांदा ऐकवत नाही पण आपण किती बोलतो आणि मुलं किती, हे त्यातून कळतं.

आणि पहिल्या सोमवारी एवढं तरी करा. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, सगळ्यांना पाव कागद फाडायला लावा, नाव न लिहिता दोन ओळी: आज काय आलं, कुठे अडलं. दारात उभ्या राहून गोळा करा. घरी जाऊन चहा घेता घेता वाचा, सारख्या वाटतील त्यांचे गठ्ठे करा, सगळ्यात मोठा गठ्ठा ज्या अडचणीचा असेल तिनेच मंगळवारचा तास सुरू करा, आणि वर्गाला सांगा की कालच्या चिठ्ठ्यांमध्ये हे बऱ्याच जणांनी लिहिलंय. दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्यांवरचा मजकूर आपोआप वाढायला लागतो.